एडक्याचा कौल

"हे ऐकून कुणाचाच इस्वास बसणार न्हाई," असं म्हणत नामाजीनं चहाच्या टपरीवर आपल्या पोराची, शिवप्रसादची गोष्ट काढली.

कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर पुसेगावला निघालं होतं, बांध घालायला. नाव उद्या द्यायचं होतं, अन् शिवप्रसादचं काहीच ठरत नव्हतं. त्याच्या वर्गातला साजीद दहा गुणांसाठी निघालेला. मोहिनीला घरच्या भाकरी थापण्यातून सुटका हवी होती. एकानं तर "फुकट माती काहून उपसू?" म्हणून हात झटकले. शिवप्रसादला जावंसं वाटत होतं, पण का, तेच कळेना. घरच्या वावरात फावडं उचलायचं म्हटलं की त्याची कंबर धरायची. मग परक्या गावात राबायची हौस आली कुठून? अन् जाऊ नये म्हटलं, तर जीव कळपातून चुकलेल्या कोकरासारखा व्हायचा.

शेवटी त्यानं घरच्या मेंढरांतल्या एडक्याचा कौल घ्यायचं ठरवलं. एडका पुसेगावच्या वाटेला लागला तर नाव द्यायचं, ओढ्याकडं वळला तर घरी बसायचं. एडक्यानं जरा विचार केला आणि थेट पुसेगाव गाठलं. मागं सगळा कळप, कळपामागं शिवप्रसाद, त्याच्यामागं अख्खं कॉलेज. मेंढरांनी खुरांनी अशी माती उकरली की दुपारपर्यंत बांध उभा! सरांनी पहिलं प्रमाणपत्र एडक्याच्या शिंगाला बांधलं.

"आबा, साफ खोटं!" बाकावर चहा पीत बसलेला शिवप्रसाद ओरडला. "मी गेलतोच कुठं? त्या दिशी मेंढरं माझ्या गळ्यात मारून तुमीच कळमनुरीच्या बाजाराला निघून गेलते!"