होडीवाल्या बापाचा पिच्चर

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, चपटी, पाठीवरचा कागद निघून गेलेली. माझ्या पोटात एक सिनेमा आहे, पण त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी कॅसेट पाहिलीही नसेल. त्याचा मला राग नाही. राग येतो तो मला न बघताच 'रडका पिच्चर' म्हणणाऱ्यांचा.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला, पण उमेदीची वर्षं गेली ती कारंज्याच्या एका व्हिडिओच्या दुकानात. बारसं असो की लग्न, लोक व्हीसीआर भाड्यानं न्यायचे आणि सोबत मारामारीचे सिनेमे. मला कुणी मागत नसे. दुकानदार मला वर एक फुकटची म्हणून पिशवीत टाकायचा आणि मी न लावताच परत यायचे. पुढे दुकान बंद झालं. तेव्हा त्यानं एक व्हीसीआर आणि मला ओळखीच्या एका माणसाला देऊन टाकलं. त्या माणसानं आम्हाला कामरगावला आपल्या बहिणीच्या, धुरपताबाईंच्या, घरी आणून सोडलं.

तिथं माझं नशीब उघडलं. दुपारी तूर निवडता निवडता धुरपताबाई मला लावायच्या. त्यांची लेक वैजयंती शेजारी बसायची. सिनेमा एका नावाड्याचा आहे. त्याच्या घरात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नाही. तो दरवर्षी होडीतून लेकीकडे जातो, नेलेलं सामान दारात ठेवतो आणि उपाशी परततो. मायलेकी डोळे पुसायच्या, सुपातली तूर तशीच राहायची. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

मग वैजयंतीचं लग्न होऊन ती रिसोडला गेली. वर्षं गेली, मूल काही झालं नाही. आणि तिच्या वडिलांच्या, जगदेवांच्या, घरातही रीत तीच! ते एसटीनं रिसोडला जायचे, तुरीची डाळ आणि हळद दारात ठेवायचे, ओट्यावर बसून घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि उठायचे. धुरपताबाई सोबत असल्या, की त्यांनाही उठावं लागायचं. वैजयंतीनं केलेला स्वयंपाक झाकलेलाच राहायचा.

नवऱ्याला तोंडावर 'ही रीत सोडा' म्हणायला धुरपताबाईंची जीभ कधी रेटली नाही. त्या मला पुढे करायच्या.

"अवो, एक डाव हा पिच्चर पाहा ना जी."

"काय हाय त्या रडक्या पिच्चरमंदी? बायांचा हाय थो. मले सोयाबीन काढाचं हाय."

"सोयाबीन झाल्यावर पाहा."

"पाहू."

सोयाबीन निघालं, हरभरा निघाला, पुन्हा पेरण्या झाल्या. ते 'पाहू' काही उगवलं नाही. घरात नवा टीव्ही आला, व्हीसीआरवर कापड पडलं, मी पेटीत गेले. मागच्या उन्हाळ्यात धुरपताबाई आजारी पडल्या आणि गेल्या.

तेरवी झाल्यावर जगदेवांनी पेटी उघडली. धुरपताबाईंच्या जुन्या पोलक्यात गुंडाळलेली मी त्यांच्या हाती लागले. मग व्हीसीआर कारंज्याला नेऊन दुरुस्त करून आणला आणि एका दुपारी एकटेच माझ्यासमोर बसले. सतरंजीवर शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

नावाडी पहिल्यांदा लेकीच्या दारातून परत फिरला, तसे जगदेव ताठ झाले. दुसऱ्यांदा फिरला, तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. शेवटी सिनेमातली लेक ताट वाढून उंबऱ्यावर ठेवते आणि बाप त्या ताटाकडे बघत राहतो. नेमकं तिथंच घात झाला. इतकी वर्षं पेटीत पडून माझ्या फितीला बुरशी लागली होती. व्हीसीआरनं फीत गिळली, मी तुटले आणि तोही बंद पडला.

"धुरपते, हे सांगाचं होतं काय तुले?" जगदेव म्हणाले.

त्यानंतर पारावर भेटेल त्याला ते सांगत सुटले, "होडीवाल्या बापाचा पिच्चर पाहा रे." लोक विचारायचे, "नाव काय त्याचं? मोबाइलवर सापडन काय?" नाव त्यांना कुठून ठाऊक असणार!

शेवटी डाळीच्या पिशवीत मला घालून ते रिसोडला गेले. वैजयंतीच्या भिंतीवर मोठा पातळ टीव्ही होता, पण मला लावायला यंत्र नव्हतं. मग जगदेव ओट्यावर बसले आणि त्यांनी अख्खा सिनेमा तोंडी सांगितला. होडी, नदी, दारातलं सामान, सगळं. ताटापर्यंत आले आणि थांबले.

"पुढं पट्टी तुटली, वैजू. जेवला काय थो?"

वैजयंतीला शेवट पाठ होता. ती आत गेली आणि ताट घेऊन आली.

"आंदी जेवा. मंग सांगीन."

जगदेव उठले. मला वाटलं, चालले परत! पण ते उंबरा ओलांडून आत आले आणि पाटावर बसले. भाकरी संपत आली तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "आता सांग."

"अजून एक भाकर मांगते थो, बाबा."

जगदेवांनी ताट पुढे केलं. तिनं भाकरी वाढली. त्यांनी घास मोडला आणि हात तिथंच थांबला.

"तुह्या मायनं इथं कधी घास नाई खाल्ला. माह्यासंगं उपाशीच उठली थे."

वैजयंती रडू लागली. मीही रडले असते, पण माझी फीत तुटली आहे.

आता मी तिच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर असते. ती मला रोज पुसते. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण घरातलं एखादं माणूस तुम्हाला पुन्हा पुन्हा 'हे एकदा बघ ना' म्हणत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि बघा. ते माणूस शेजारी बसलेलं असतानाच बघा.