टेबलाच्या पायातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनं टेबल-टेनिसचं टेबल आहे. कोपऱ्यांवरचा माझा हिरवा रंग उडालाय, जाळी एका बाजूने सैल पडलीय आणि डावीकडे चेंडू पडला की तो उसळायचंच विसरतो. पण माझ्यामुळे एकदा एक मुलगी पकडली गेली, ती हकीगत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. वर दोन गुळगुळीत फळ्या, खाली लोखंडी पाइपांचे पाय. सुरुवातीची वर्षं एका क्लबात गेली. तिथे मला रोज मऊ फडक्याने पुसत, येणारे-जाणारे माझं कौतुक करत. मग नवं निळं टेबल आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मी धूळ खात पडून असताना एका प्रार्थनाघराच्या लोकांनी मला मागून नेलं आणि मागच्या हॉलमध्ये ठेवलं.

या हॉलमध्ये रोज संध्याकाळी मुलं अभ्यासाला येत आणि मग खेळत. पलीकडच्या खोलीत कुणाची आई, कुणाची आजी, कुणाचे काका हळू आवाजात बोलत बसत. कधी प्रार्थना म्हणत, कधी खदखदून हसत. ही मंडळी इतक्या लांबून का येतात, याचं मला मोठं कुतूहल होतं. त्याहून मोठं कोडं म्हणजे, ठरल्या वेळी मुलांची देखभाल करणाऱ्या नर्सबाईंच्या फोनचा गजर वाजे. खेळ कितीही रंगात आलेला असो, बरीचशी मुलं बॅट खाली ठेवत, पाण्याबरोबर एक गोळी गिळत आणि परत येऊन माझ्यावर तुटून पडत. आजारी मुलं अशी असतात होय?

माझ्यासारखाच प्रश्न पडलेली आणखी एक व्यक्ती तिथे होती. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी. ती इतके प्रश्न विचारी की सगळ्यांनी तिचं नाव ‘चौकशी’ ठेवलं होतं. तिला आई नव्हती. मावशीने तिला वाढवलं होतं. मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि रोज एका डबीत गोळी घालून द्यायची. कशाची गोळी, तर म्हणे अशक्तपणाची.

चौकशीला हे पटेना. मुलांना शिकवायला एक तरुण इलेक्ट्रिशियन येई, त्याला सगळे दादा म्हणत. त्यालाही ती सहज हरवायची. मग अशक्तपणा कुठला? तिने नर्सबाईंना विचारलं, त्यांनी मावशीकडे बोट दाखवलं. मावशीला विचारलं, तर परीक्षा झाल्यावर सांगते म्हणाली. परीक्षा होऊन गेली, तरी मावशी काही बोलेना. तेव्हा चौकशीने स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. गोळी घ्यायची नाही आणि काय होतं ते बघायचं.

पाण्याचा पेला हातात घेऊन ती माझ्याजवळ यायची आणि गोळी माझ्या पायाच्या पाइपात सारायची. त्याचं वरचं बूच केव्हाच पडलं होतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मोठ्याने ओरडून सांगितलं असतं.

शेवटी मोठ्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी हॉल रिकामा करायची वेळ आली. तिथले धर्मगुरू फार वयस्कर, मुलं त्यांना आजोबाच म्हणत. ते आणि दादा मला आडवं करून दुमडू लागले, तसा पाइपातून गोळ्यांचा सडा पडला. दादाने एक उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. तो स्वतः रोज हीच गोळी घेत होता.

पाण्याचा पेला घेऊन माझ्या पायाशी कोण रेंगाळतं, हे दादाच्या लक्षात होतं. त्यांनी गाजावाजा केला नाही. नर्सबाईंना आणि मावशीला बोलावलं. मावशी गोळ्यांकडे बघतच राहिली. “तिला सांगितलं, तर ती आईबद्दल विचारेल,” ती म्हणाली. “मी काय सांगू?”

“जे झालं ते,” आजोबा म्हणाले. “आम्ही शेजारी बसतो.”

मला पुन्हा उघडलं. चौकशी माझ्या कडेला टेकली आणि मावशी एका दमात बोलून गेली, “तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे. जन्मापासून. ताईला होता, तिच्याकडून तुला आला. तिला औषध फार उशिरा मिळालं. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

मग चौकशीचे प्रश्न सुरू झाले. मी मरणार का, माझ्याबरोबर खेळल्याने कुणाला होईल का, लग्न करता येईल का. नर्सबाईंनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. गोळी रोज घेतली तर विषाणू दबून राहतो आणि माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. खेळल्याने, एका ताटात जेवल्याने तो कुणाला होत नाही. लग्न, मूलबाळ, सगळं होतं. गोळी सोडली, तर मात्र तो पुन्हा डोकं वर काढतो.

तिने दादाकडे पाहिलं. “तुलाही?”

“मलाही. जन्मापासूनच.”

“म्हणून हरतोस?”

“नाही, तो वेगळा आजार आहे.”

मग ती आजोबांकडे वळली. “देवाने मला हे का दिलं?”

“देवाने दिलं असं मला वाटत नाही,” आजोबा म्हणाले. “पण का झालं, ते मला माहीत नाही. मी रोज विचारतो.”

“मग प्रार्थना केली तर गोळी बंद होईल?”

“नाही. प्रार्थना करू, आणि गोळीही घ्यायची.”

त्या दिवसापासून ती सगळ्यांसमोर गोळी घेऊ लागली, पण मावशीशी बोलणं तिने टाकलं. रक्त तपासलं, तर विषाणू खरंच वाढला होता. नर्सबाई काळजीत पडल्या. मध्ये खंड पडल्यावर त्याच गोळ्या पुन्हा लागू पडतील की नाही, हे पुढच्या तपासणीतच कळणार होतं. त्या दिवसांत मावशी कामावरून थेट हॉलवर येऊन बाकावर बसे. चौकशी तिच्याकडे बघतही नसे. मग पलीकडच्या खोलीतून कुणी ना कुणी उठून मावशीशेजारी येऊन बसे. एका आजीने स्वतःच्या नातवाला हे कसं सांगितलं, तेव्हा काय काय चुकलं, ते सगळं तिला ऐकवलं. ही मंडळी इतक्या लांबून का येतात, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या तपासणीत विषाणू खाली आला. गोळ्या लागू पडल्या होत्या. त्या संध्याकाळी चौकशीने मावशीच्या हातात बॅट दिली आणि विचारलं, “मला सांगायला तू कशाला घाबरत होतीस?”

“तू मला सोडून जाशील म्हणून.”

चौकशीने चेंडू उचलला. “कुठे जाणार? मला साधी इस्त्री येत नाही,” ती म्हणाली आणि तिने सर्व्हिस केली. मावशीला तो चेंडू दिसलासुद्धा नाही.

मित्रांनो, मला कुणी रोज पुसत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा एखादं मूल तुम्हाला ‘का?’ असं विचारेल. त्या वेळी परीक्षेचं निमित्त सांगू नका. खुर्ची ओढा, त्याच्याजवळ बसा आणि जेवढं ठाऊक असेल, तेवढं खरं सांगा.