मावरं वर्ज्य

पुंडलिकचा दुपारी डोळा लागला की मासे यायचे. उत्तनच्या किनाऱ्यावर, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत तो खाट टाकून पडायचा. उन्हाची गुंगी असायची, वारा खारट असायचा, आणि बोंबलांच्या शेपट्यांच्या सावल्या त्याच्या पोटावरून इकडून तिकडे सरकत राहायच्या. मग सुरमई यायची, पापलेटं जोडीजोडीनं यायची, त्याच्याभोवती एक फेरी मारून विचारायची, “काय रं पुंडलिक, बरा हायस ना?” एकदा तर तो स्वतःच मासा झाला होता आणि त्याची बायको हौसाबाई कोयती घेऊन त्याचे खवले काढत होती. दुखत मुळीच नव्हतं. उलट जागं होऊच नये असं वाटत होतं.

जागं झाल्यावर खवले तसेच असायचे. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर लाल चट्टे आणि वर पांढरा पापुद्रा. खाजवलं की खाटेवर नुसता कोंडा. सोरायसिस हा शब्द वस्तीत कुणाला धड बोलता येत नव्हता, उपाय मात्र घरटी एक होता. पुंडलिकनं कडुलिंबाच्या पाल्याच्या आंघोळी केल्या, कारल्याचा रस प्याला. सून नीलमनं मोबाईलवर बघून हळदीचा लेप दिला, तेव्हा म्हातारा नवरदेवासारखा पिवळाधमक होऊन जेटीवर फिरत होता आणि पोरं त्याला नवरी कुठाय म्हणून विचारत होती. शेवटी तारोडीच्या एका जडीबुटीवाल्यानं निकाल दिला, रक्त तापलंय, मासे बंद. हौसाबाईनं ते ब्रह्मवाक्य मानलं.

कोळ्याच्या घरात मासे बंद! दारात टोपल्या भरून मावरं, मासळीला कोळीवाड्यात मावरंच म्हणायचं, आणि ताटात दुधी. माणूस बंड करून उठला असता. पण पुंडलिक गुमान दुधी गिळायचा, आणि त्यामागे वैराग्य वगैरे काही नव्हतं.

झालं होतं असं, की जडीबुटीवाल्याच्या आधी तो एकटाच भाईंदरला स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. पूर्वीबेन म्हणून तरुण डॉक्टरीण, बोलायला गोड. तिनं मलम लिहून दिलं, आंघोळीनंतर खोबरेल लावा म्हणाली, सकाळचं कोवळं ऊन घ्या म्हणाली. पुंडलिकनं विचारलं, “आन मावरं?”

“मासे खा ना काका, कोणी मना केलंय? दारू घेता का?”

“थोडी.”

“ती बंद. ती याला भडकवते. कारलं-बिरलं प्यायचं तर प्या, पण त्यानं हे जाणार नाही. आणि एक सांगते हां, हे मुळातून जात नाही. येतं, दबतं, परत येतं. पण कोणाला लागत नाही, घरात घाबरू नका.”

घरी येऊन पुंडलिकनं फक्त मलम दाखवलं. दारूचा शब्द काढला नाही. पुढे हौसाबाईनं मासे बंद केले तेव्हा त्याच्या जिवावर आलं, पण त्यानं मनात हिशेब मांडला की डॉक्टरीण काय म्हणाली ते काढलं तर दारूचंही निघेल, त्यापेक्षा गेलं तर मावरं जाऊ दे, होडीच्या आडोशाला बसून घ्यायची संध्याकाळची बाटली तर राहील. माणूस इतका शहाणा असतो, म्हणूनच मार खातो.

वर्ष सरलं. चट्टे होते तिथेच होते, दोन नवे आले. मग तारोडीला भाची मनालीची हळद निघाली. मांडवात पंगत बसली, कोलंबीचं कालवण आणि तळलेली सुरमई. पुंडलिकच्या पानात डाळ पडली, त्याला त्याची सवय झाली होती. समोरच्या ओळीत हौसाबाई बसली होती. तिच्या पानात सुरमईची तुकडी पडली, आणि तिनं ती पडल्या पडल्या शेजारणीच्या पानात सरकवली. तुकडीच्या खालचा भातसुद्धा तिनं बाजूला केला.

पुंडलिकचा घास हातातच राहिला. घरात ती त्याच्या सोबतीनं दुधी खाते हे त्याला माहीत होतं, पण बाजारात मासळी विकायला बसते तिथे बायकांबरोबर खात असेल असं तो धरून चालला होता. हात धुताना त्यानं मेहुणी शालनला विचारलं.

“तुला ठाव न्हाय?” शालन म्हणाली. “एकवीरा आईला बोललीय ती. तुझ्या अंगावरचा जाईपर्यंत मावरं तोंडात घालायची न्हाय. वरीस झाला.”

दुसऱ्या दुपारी त्याला झोप लागली, पण मासे आले नाहीत. नुसतं हिरवं पाणी होतं, लांबपर्यंत, आणि पाण्याच्या तळाशी हौसाबाई एकटी डाळभात जेवत बसली होती. तो घाबरून उठला. ती पलीकडे बोंबील दोरीवर अडकवत होती, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, अशी जोडीजोडीनं. तो तिच्यापाशी गेला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीण, दारू, सगळं.

हौसाबाईचे हात थांबले नाहीत. टोपली संपल्यावर ती म्हणाली, “म्हंजी मावऱ्याचा काय दोष नव्हता.”

“न्हाय.”

“आन तुला ठाव होता.”

“व्हय.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री त्याच्या ताटात पापलेट आलं, अख्खं, कुरकुरीत तळलेलं. शेजारी हौसाबाई स्वतःचं ताट घेऊन बसली. डाळभात.

“तू बी घे गो,” तो म्हणाला.

“खोटा तू बोललास. नवस मी बोलले. तुझा खोटा सरला म्हून माझा नवस सरत न्हाय. जेव.”

ज्या पापलेटाची त्यानं वर्षभर स्वप्नं पाहिली ते पुढ्यात होतं आणि त्यानं एक तुकडाही मोडला नाही. कारण पूर्वीबेन काय म्हणाली होती ते त्याला आठवत होतं. हे मुळातून जात नाही. म्हणजे ही बाई मरेपर्यंत मासळी विकणार आणि डाळभात जेवणार, त्याच्या एका बाटलीपायी. पुंडलिकनं ताट सरकवलं. “तू खाशील तवाच मी खाईन,” एवढं बोलून तो उठला.

बाटली सुटली. सुखासुखी नाही सुटली. संध्याकाळ खायला उठायची, पिण्याचा जोडीदार सदू होडीच्या आडोशावरून हाका मारायचा आणि हा घरात कानावर उशी घेऊन बसायचा. मलम नेमानं लागलं. सकाळी तो उघड्या अंगानं अंगणात बसायचा आणि हौसाबाई न बोलता त्याच्या पाठीला खोबरेल चोळायची. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो. पावसाळा गेला, परत बोंबील दोऱ्यांवर चढले, आणि त्याच्या कोपरांवरचा पापुद्रा झडून खाली साधी तांबूस कातडी दिसायला लागली. मग गुडघे निवळले.

एका सकाळी हौसाबाई म्हणाली, “उन्हात ये. बघू दे.”

तो उभा राहिला. तिनं कोपर पाहिले, गुडघे पाहिले, केस बाजूला करून टाळू पाहिली. मग ती मागे गेली. तेलाचं बोट मानेखालून सावकाश उतरत आलं आणि पाठीच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध थांबलं. तिथे गेल्या आठवड्यापासून खाजत होतं. त्याला पाठ दिसत नव्हती, पण काय आहे ते कळत होतं. समुद्र त्या दिवशी इतका शांत होता की होड्या हवेत ठेवल्यासारख्या वाटत होत्या.

“हाय काय?” त्यानं विचारलं.

बोट बराच वेळ तिथेच होतं.

“न्हाय,” हौसाबाई म्हणाली. “काय न्हाय. साफ हाय.”

ती घरात गेली. थोड्या वेळानं तेलात काहीतरी चर्र करून पडलं. मग ती दोन ताटं घेऊन बाहेर ओट्यावर आली, डोळे मिटून कपाळाला हात लावला, आणि बोंबलाचा तुकडा मोडून तोंडात घातला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला तिनं हात उचलला नाही, दुसरा तुकडा मोडला.

पुंडलिकनं आपलं ताट पुढे ओढलं. पाठ खाजत होती. तो जेवत राहिला, हात मागे नेला नाही.