पूर्ण बाही

मास्तरांचा हात पुन्हा चालू लागला, पाय चालू लागला, जीभ मात्र ताळ्यावर येईना. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाजाराच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. हिवाळ्यात त्यांच्या मेंदूला झटका बसला, आणि तेव्हापासून डोक्यातला शब्द तोंडापर्यंत येईतो वाटेतच बदलून जायचा. माप घ्यायला उठले की म्हणत, "या, माफ घेतो." खिशाचा किस्सा व्हायचा. "शर्टाला एक किस्सा ठेवू की दोन?" आपलं चुकलं हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू यायचं, पण तोवर शब्द काउंटर ओलांडून गेलेला असायचा.

पण कुणी हसत नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

गिऱ्हाईक मान खाली घालून कापडाचा पोत तपासू लागे. समोरचा सलूनवाला पूर्वी आल्या आल्या पाठीत धपाटा घालायचा, तो आता दारातूनच आवाज उतरवून "बरं आहे ना, मास्तर?" असं विचारी आणि उत्तराची वाट न बघता निघून जाई. हाच गृहस्थ एकदा स्वतःच्याच साबणाच्या पाण्यावरून घसरून, वस्तरा उंच धरून फूटपाथवर बसला होता. मास्तरांनी त्याची नक्कल वर्षभर केली होती, आणि तीही त्याच्याच खुर्चीत बसून. आता उट्टं काढायची एवढी आयती संधी आली होती, तर हा आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होता! मास्तरांना त्याचा असा संताप यायचा.

शेवटी बायकोनेच मार्ग काढला. ती काउंटरवर बोलेल, मास्तर आत मशीनवर बसतील, मध्ये पडदा. पडद्याचं कापडही आलं, बदामी रंगाचं, चांगलं जाडजूड. मास्तरांनी मान डोलावली होती. कापड मात्र फळीवर तसंच पडून होतं, ते शिवायला घेत नव्हते. पडदा एकदा लागला की आपल्या हयातीत काही तो निघत नाही, हे त्यांना कळत होतं. पण ते बायकोला सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

मास्तरांना एक धाकटी बहीण होती. तिला सगळे खिखी म्हणत. कुणी घसरलं, कुणाची छत्री उलटी झाली, की हिचं हसू सुटलंच. मास्तर तरुणपणी ताग्यासकट कटिंगच्या टेबलावरून खाली आले होते, तेव्हा खिखी उचकी लागेपर्यंत हसली होती, आणि हसत हसतच पळत जाऊन तिने पट्टी आणली होती. हसायची सगळ्यांच्या आधी आणि धावायचीही सगळ्यांच्या आधी. हॉस्पिटलात मात्र ती खाटेशी तोंड गच्च मिटून बसली. डॉक्टर काय सांगत होते ते मास्तरांना तेव्हा उमगत नव्हतं, पण खिखीचं ते मिटलेलं तोंड पाहून आपलं काही खरं नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

त्यानंतर बायकोने तिला बजावून ठेवलं होतं, "दुकानात यायचं तर तोंडाला कुलूप लावून ये."

त्या दिवशी खिखी कुलूप लावूनच आली होती. स्टुलावर बसून बटणं निवडत होती. तेवढ्यात वकीलबाई आल्या. त्यांना कोटाच्या आत घालायला पांढरा शर्ट हवा होता. बायको शेजारीच एका झग्याची दुमड टाचत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे नेहमीसारखं मध्ये पडून बोलणं तिला जमलं नाही. मास्तरांनी वकीलबाईंच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली आणि विचारलं,

"बायको पूर्ण ठेवू, की कोपरापर्यंत कापू?"

मास्तरांची कानशिलं तापली. त्यांना 'बाही' म्हणायचं होतं. वकीलबाईंचा चेहरा निकाल ऐकताना व्हावा तसा गंभीर झाला. जरा विचार करून त्या फार मायेने म्हणाल्या, "कापा कोपरापर्यंत. उन्हाळ्याचं बरं पडतं."

स्टुलावरून फिस्स असा आवाज आला. मग बटणांचा डबा पडला, बटणं घरंगळत मशीनखाली गेली, आणि खिखी पोट धरून भिंतीला टेकली.

"कोपरापर्यंत!" ती किंचाळली. "वहिनी, अगं हात लपव तुझे!"

बायकोने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. सगळ्या काढून झाल्यावर कडाडली, "लाज आहे का काही? आजारी आहेत ते!"

पण त्यांच्याकडे बघायला वळली तर मास्तर हसत होते. ओठाचा उजवा कोपरा अजून उचलत नव्हता, म्हणून एकाच बाजूने, खांदे गदगदवत, टेबलाला धरून. तुमच्या जिवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. मास्तरांना ते पटलं ते आत्ता. सलूनवाला उठून उभा राहिला होता म्हणूनच तर आपण वर्षभर त्याला हसू शकलो. तो तसाच पडून राहिला असता तर कुणाला हसू आलं असतं? खिखी हसली म्हणजे आपणही उठलो. या वेड्या पोरीचे उपकार कसे फेडायचे, असं त्यांना झालं.

बायको बघतच राहिली. हिवाळ्यापासून तिने हा आवाज ऐकला नव्हता. नाक ओढत ती वकीलबाईंना म्हणाली, "पूर्णच ठेवायला सांगा हो. अर्ध्या बायकोच्याने यांचा संसार नाही रेटवायचा." मग मात्र वकीलबाईंनी इतका वेळ दाबून धरलेलं सगळं सोडून दिलं आणि खुर्चीत बसून डोळे पुसले.

खिखीचं हसू एव्हाना रडण्यावर आलं होतं. "मी मुद्दाम नाही रे हसले," ती हुंदके देत म्हणाली. "दादा, मला माफ कर."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

"माफ?" ते म्हणाले. "खांद्याचं की कमरेचं?"

क्षणभर तिघींनाही कळेना. बायकोला आधी उमगलं. या वेळी शब्द चुकला नव्हता. तिने तोंडाला पदर लावला आणि काउंटरवर डोकं टेकून हसत राहिली.

मास्तर फळीपाशी गेले. बदामी कापड काढून त्यांनी कटिंगच्या टेबलावर पसरलं आणि खिखीला बोटाने समोर उभं राहायची खूण केली.

"अरे, हे पडद्याचं ना?" खिखी म्हणाली.

बायकोने खडू पुढे केला.

मास्तरांनी बहिणीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरली. "बा..." ते म्हणाले आणि अडले. त्यांना कसलीच घाई नव्हती. समोर खिखीने हसायला तोंड आधीच उघडून ठेवलं होतं.