पायपुसण्याखालचा भुंगा

विज्ञानाच्या बाईंचा देह चांगला भरभक्कम. पोरं पाठीमागे त्यांना रणगाडा म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, पण पोरांचं डोकं चालतंय ना, मग तोंडही चालणारच, असं त्यांचं साधं गणित. नुसता फळा खरडून विज्ञान येतं, हे मात्र त्यांना काही केल्या पटत नसे. सातवीला त्यांनी सांगून टाकलं, "घरात ज्याचा त्रास होतो ते शोधा आणि त्याच्यावर स्वतःच्या हातानं यंत्र बनवा."

झालं, पोरांना तेवढंच हवं होतं. एकानं भावाच्या बिस्किटचोरीवर उपाय म्हणून डब्याला घंटी बसवली. वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी, जिला सगळे पिटुकली म्हणत आणि जिच्या तोंडून दहा वेळा विचारल्यावर एक शब्द निघे, तिनं पायपुसणं केलं. त्याच्याखाली चंदेरी कागदाचे दोन थर, मध्ये भोकं पाडलेला स्पंज. वजन पडलं की स्पंज दबायचा, कागदाला कागद भिडायचा आणि लांब तारेच्या टोकाला एक छोटा बझर गुणगुणायचा. पोरं त्याला भुंगा म्हणत.

पण हा भुंगा वाजेचना. अख्खा वर्ग त्यावरून चालून दमला.

"अगं, स्पंज पातळ घे," बाई म्हणाल्या. "कुणीही आलं की वाजायला नको का?"

"आई आल्यावर वाजून काय उपयोग?" पिटुकली म्हणाली आणि पुन्हा स्पंज कापायला बसली.

वजन बघून स्पंजची जाडी ठरवायची, हे सातवीत कोण करतं? बाईंचा ऊर भरून आला. त्या भरात त्या स्वतःच पायपुसण्यावर चढल्या आणि भुंगा वाजला. पिटुकलीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मीच आहे गं, रणगाडा," बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो-खो हसला. एवढं डोळ्यांदेखत घडलं आणि आमच्या शहाण्या बाईंना त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. आता बोला.

वर आणखी कहर म्हणजे बाई स्वतः पिटुकलीच्या बाबांच्या औषधांच्या दुकानात जाऊन आल्या. माणूस आडदांड, पण बोलायला लोण्यासारखा. "लेक गुणाची आहे तुमची, प्रदर्शनाला याच," असं आग्रहानं सांगून आल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी पायपुसणं वर्गाच्या दारातच मांडलं. आया, आज्या येत-जात होत्या, भुंगा गप्प. पिटुकलीची आई धाकट्या मुलाला घेऊन खिडकीपाशी उभी होती. धाकटा तिला काहीतरी रंगवून सांगत होता.

तेवढ्यात भुंगा वाजला.

धाकट्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तो प्रदर्शनाच्या टेबलाखाली शिरला आणि त्यानं त्यावरची चादर व्यवस्थित खाली ओढून घेतली, शाळेतून आल्यावर पोरं दप्तर खुंटीला लावतात तितक्या सवयीनं. आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पर्समध्ये खोल ठेवला.

दारात बाबा उभे होते.

यंत्राची माहिती बाईंच्या अगदी ओठांवर आली होती. ती तिथेच गोठली.

"हे काय वाजलं?" बाबांनी हसत विचारलं. "मी आल्यावरच कसं?"

पिटुकली स्वतःच्या बुटांकडे बघत होती. बाई कशाबशा पुढे झाल्या आणि पायपुसण्यावर जाऊन उभ्या राहिल्या. भुंगा वाजला.

"माझ्यासाठी केलंय हो पोरीनं," त्या म्हणाल्या. "रणगाडा आला की वर्गाला आधी कळावं म्हणून."

सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांनी वाकून पायपुसण्याची कड उचलली, तार कुठवर जाते ते सावकाश बघितलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस. घरी ये, मग बघू," म्हणाले आणि दुकानाकडे निघून गेले.

गर्दी पांगली. टेबलाखालून धाकटा अजून बाहेर आला नव्हता.

"बाई, त्यांना कळलं," पिटुकली म्हणाली. "आता घरी काय लावू?"

बाईंच्या पेटीत तारा होत्या, स्पंज होते, भुंगेही होते. त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग सरळ आईपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आज घरी जायचं नाही. तिघंही माझ्याकडे चला. पुढचं मी बघते."

आईनं पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बाईंकडे पाहिलं.

"तुमच्या दाराला आतून कडी आहे ना?" तिनं विचारलं.