हो म्हणणारी भिंत

तोंडातून सुटलेला शब्द परत येत नाही, असं आपण म्हणतो. पण हॉटेलच्या तळघरातल्या त्या धुलाईखान्यात शब्द परत येऊ लागला होता.

थोरली तिथली मुकादमीण, धाकटी जाऊ तिच्या हाताखाली. चादरी धुणाऱ्या मोठ्या पिंपाचं बटण मात्र वर, मॅनेजरच्या केबिनमध्ये. भिंतीवरच्या कर्ण्यातून त्याने विचारायचं, “तयार?” थोरलीने म्हणायचं, “हो साहेब.” की फिरलंच पिंप. पाठीमागे सगळे त्याला घाईसाहेब म्हणत. पिंपाचं दार उघडं असलं की ते फिरू न देणारा खटका मोडला, तेव्हा त्याने तो तारेने बांधून टाकला.

“चालतंय ना, बाई?”

थोरलीच्या मनात नाही होतं, तोंडात हो आलं. बाईचा सगळा जन्मच हो म्हणण्यात गेलेला.

पुढे पुढे तिला वाटू लागलं, आपण बोलायच्या आधीच भिंतीतून आपला हो ऐकू येतो.

“मग अर्धा पगार भिंतीला देऊन टाका, जाऊबाई!” ते ऐकून धाकटी खिदळली. थोरलीला मात्र घास गोड लागेना.

एका दुपारी पिंपाच्या जाळीत धागे अडकले. ते काढायला धाकटी कमरेपर्यंत पिंपात शिरली. नुसते पाय बाहेर.

कर्णा खरखरला. “तयार?”

थोरलीने ओठ गच्च मिटले. आणि भिंतीतून तिच्याच आवाजात, तिच्याच नरमाईने उत्तर गेलं, “हो साहेब.”

पिंप गुरगुरलं.

“नाही!” थोरलीच्या देहात बसलेला देवच ओरडला म्हणा ना. “बंद करा! माणूस आहे आत!” तिने धाकटीचे पाय कवटाळून मागे ओढले. पिंप गचका खाऊन थांबलं. धाकटी बाहेर आली. एक बाही आतच राहिली होती.

मॅनेजर तणतणत खाली आला. “आधी हो, मग नाही? पोरखेळ आहे का, बाई?”

“हो मी म्हटलं नाही.”

“मग काय भिंत बोलली?”

“भिंतच बोलली. आजवर मीही भिंतच होते ना तुमची! आता ऐका. नवा खटका बसेपर्यंत हे पिंप फिरणार नाही. आणि बटण खाली येईल, माझ्या हाताशी.”

“नोकरी जाईल तुमची.”

“नोकरी दुसरी मिळेल, साहेब. ही पोर कुठून आणू?”

धाकटी उघड्या दंडावर हात धरून उभी होती. मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, मग पिंपातल्या बाहीकडे. नजर खाली गेली. रागाने त्याचे ओठ घट्ट मिटलेले.

“कळलं ना?” थोरलीने विचारलं.

तो तसाच जिन्याकडे वळला. पण भिंतीवरचा कर्णा हळूच खरखरला, आणि त्यातून त्याचाच आवाज आला, कधी नव्हे इतका नरम.

“हो बाई.”