काळी पाचची हौसा

“पांढरी चार,” एलियास पुंडलिकच्या कानाशी लागून म्हणाला. “पन मोठ्यानं बोलू नको.”

पुंडलिकला हळू बोलणं जमत नसे. “पांढरी चार? हौसाकाकी तर काळी पाचात गाते ना?”

वरसे गावच्या देवळापुढे गौरीच्या नाचाची तालीम चालली होती. फेर धरून उभ्या असलेल्या वीस बायकांनी ते ऐकलं. हौसानेही.

एलियास अष्टमकर रोह्याच्या भातगिरणीत कारकून. बारा वर्षं गौरीत त्याची पेटी आणि हौसाचं गाणं ठरलेलं. येत्या रविवारी तो बायकोला, हन्नाला, घेऊन कायमचा इस्रायलला निघाला होता. म्हणून पेटी पुंडलिकच्या हवाली करायला आला होता. हौसाचं म्हणाल, तर आवाज मोठा आणि त्याचा अभिमान त्याहून मोठा. काळी पाच म्हणजे पेटीची चांगली उंच पट्टी. पन्नाशी उलटून तिथे गाणारी बाई पेणपासून रोह्यापर्यंत दुसरी नाही, असं ती स्वतःच सांगे, त्यामुळे पुरावा मागायची सोय नव्हती. गुपित विचारलं की खडीसाखर आणि मिरी सांगे. निम्म्या मुलींनी मिरी चावून तोंडं पोळून घेतली होती.

“लावा काळी पाच,” हौसा म्हणाली.

एलियासने नाइलाजाने लावली. पहिली ओळ निभावली. दुसरीत आवाज वर चढला आणि चर्रकन फाटला.

“खडीसाखर संपली वाटतं गो!” चंद्रावती म्हणाली. गाणं आपल्याकडे कधी येतं याची ती चार गौरी वाट बघत होती.

मग एलियासने कारकुनासारखा हिशेब दिला. “चौथ्या वर्षी तुमचा वरचा सूर असाच फाटला, हौसाबाय. मी एक पट्टी उतरलो. मग दोन-दोन वर्षांनी एकेक. पाच झाल्या.”

“आनि कोनाला कळलं कसं नाय?”

“खाली गानं रडकं वाटाय लागलं. म्हनून लय चढवली. लोक म्हनाले, रंगात आलंय.”

ढोलकीवाला गुणाजी, हौसाचा दीर, आधीच आवळलेल्या दोऱ्या पुन्हा आवळू लागला.

“भावजी, तुमी पन?”

“मला काय, वहिनी. एलियासभाऊ मान हलवायचे, मी पळायचो.”

“म्हंजे आमचे गुडघे गेले ते हिच्या गळ्यापायी!” हौसाच्याच वयाची बायजा ओरडली.

हौसा पायरीवर बसली. चंद्रावतीने पदर खोचला. आता ही उठते की गाणं सोडते, एवढंच सगळ्या बघत होत्या.

“हन्नावहिनीला ठावं हाय?” हौसाने विचारलं.

“नाय.”

“आनि जाताना पन पोराच्या कानात सांगून चाललाव?”

“मग काय करू? तिकडून काय मला पट्टी उतरवता येनार हाय?”

हौसाला हसू फुटलं. हसता हसता तिने डोळे पुसले आणि उठली.

“पुंडलिक, हौसाची पट्टी पांढरी चार. कोनी विचारलंन तर असंच मोठ्यानं सांग. भाऊ, आज पेटी तुमीच धरा. लय मातर पयल्या वर्षाची.”

“रडकं वाटंल.”

“वाटू दे. आठ वर्षं माझ्यापायी पळालाव, आज जरा चाला.”

गाणं सासूची नक्कल करणारं. इतकी वर्षं ते धावत जाई, त्यात सासूचं मुरडलेलं नाक मागेच राहून जाई. आज एकेक टोमणा नीट पोचू लागला. बायजा फेरात बसली, उठली आणि गुडघ्याचं नाव न घेता पुन्हा बसली. बायका हसता हसता वाकत होत्या, टाळ्या देत होत्या. चंद्रावती थोडा वेळ बाजूला उभी राहिली. मग हौसाच्या शेजारची जागा धरून तिने तिच्या कमरेला हात घातला. रडकं काहीच वाटलं नाही. रंग हौसाच्या अंगातच होता, लयीत नव्हता, हे कारकुनाच्या हिशेबातून आठ वर्षं निसटलं होतं.

गाणं संपलं. बायका पाणी प्यायला गेल्या. एलियासचा उजवा हात पट्ट्यांवरून केव्हाच उतरला होता. डावा मात्र भाता हलवत राहिला आणि पेटीतून नुसती हवा येत जात राहिली.

हौसाने त्याला थांबवलं नाही.